दाराआडची सेवा : महामारीतल्या नर्स आणि आपली वस्ती



या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही आजार किंवा औषध हा विषय घेतलेला नाही. अत्यवस्थ रुग्णाची सेवा करणाऱ्या माणसाबद्दल हा धडा आहे. घरात मोठ्याने वाचावा, जमल्यास रविवारी विहारात एकत्र वाचावा. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

दोन तारखा लक्षात ठेवा. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता डॉक्टर, नर्स आणि सफाई कामगारांच्या कौतुकासाठी देशभर थाळ्या आणि टाळ्या वाजल्या. बरोबर एक महिन्याने, २२ एप्रिल २०२० रोजी, केंद्र सरकारला एक अध्यादेश काढावा लागला. १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा ठरवावा लागला. गंभीर दुखापत केली तर सहा महिने ते सात वर्षे कैद आणि एक ते पाच लाख रुपये दंड. राहत्या जागी किंवा कामाच्या जागी त्रास देणे हेसुद्धा त्या कायद्यात हिंसा मानले गेले. कारण ठिकठिकाणी घरमालक नर्सना खोली खाली करायला सांगत होते आणि शेजारी जिना वापरू देत नव्हते.

थाळी वाजवणारे आणि दार लावून घेणारे लोक वेगवेगळे नव्हते. असे का झाले आणि पुढच्या साथीत ते टाळायचे कसे, हे आज आपल्याला समजून घ्यायचे आहे.

आयसीयूत नर्स काय करते?

"सिस्टर इंजेक्शन देतात, सलाईन लावतात," एवढेच आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. आयसीयूचे, म्हणजे अतिदक्षता विभागाचे काम यापेक्षा फार मोठे आहे.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या घशातून श्वासनलिकेत नळी घातलेली असते. त्याला बोलता येत नाही, खोकून कफ बाहेर काढता येत नाही. नर्स सक्शनच्या नळीने तो कफ काढते. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, लघवीचे प्रमाण यांची ठरल्या वेळी नोंद करते. औषध थेंबाथेंबाने देणाऱ्या पंपाचा वेग सांभाळते. रुग्णाचे तोंड साफ करते, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून काळजी घेते. एकाच कुशीवर पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याची कूस बदलते. त्याची शी-शू काढते. यंत्राची घंटा वाजली तर ती कशाची आहे हे क्षणात ओळखून डॉक्टरांना बोलावते.

कोविडमध्ये फुप्फुसांना हवा नीट मिळावी म्हणून रुग्णाला पालथे झोपवत. शुद्धीवर असलेला रुग्ण स्वतः पालथा होतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला मात्र चार-पाच जणांनी मिळून उलटवावे लागते. एक जण डोक्याशी उभा राहून फक्त नळी धरून ठेवतो. ती निसटली तर रुग्णाचा श्वास थांबतो. असा रुग्ण बारा ते सोळा तास पालथा असतो आणि तितका वेळ त्याच्यावर सतत लक्ष ठेवावे लागते.

म्हणूनच अशा एका रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक नर्स असावी असा निकष आहे. महामारीत एकेका नर्सकडे असे अनेक रुग्ण आले. बाळंतपणाच्या किंवा हाडांच्या वॉर्डात काम केलेल्या नर्सना चार दिवसांच्या शिकवणीवर आयसीयूत उभे केले गेले. मुंबईत बीकेसी, गोरेगावचे नेस्को, दहिसर अशा ठिकाणी मोठमोठी कोविड केंद्रे उभी राहिली, तिथे पुष्कळ जणी ठरावीक महिन्यांच्या करारावर होत्या. जगभरच्या नर्सनी आपल्या अनुभवांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे : कष्टाची भीती नव्हती, न शिकलेल्या कामात आपल्या हातून कुणाच्या जिवाला धोका होईल याची भीती होती.

किटच्या आत

पीपीई किट आपण टीव्हीवर पाहिले. आतून ते काय असते? आपल्याकडच्या उकाड्यात प्लास्टिकसारख्या कापडात पूर्ण झाकून घ्यायचे. त्यावर घट्ट मास्क, चष्मा, तोंडावर ढाल, दोन-दोन हातमोजे. थोड्याच वेळात अंग घामाने भिजते, चष्म्यावर वाफ धरते आणि शीर सापडेनाशी होते. एकदा किट घातले की पाळी संपेपर्यंत पाणी प्यायचे नाही, कारण लघवीला जाता येत नाही. सहा तास, कित्येकदा आठ तास. मासिक पाळीच्या दिवसांतही तेच. काहींनी डायपर वापरले. मास्कने नाकाच्या हाडावर आणि कानामागे जखमा झाल्या. सगळे एकसारखे दिसत म्हणून किटवर पेनाने नाव लिहायचे. रुग्णाला सिस्टरचा चेहरा दिसायचा नाही, फक्त ते नाव आणि डोळे.

आपल्या भागातून मुंबईच्या रुग्णालयांत कामाला जाणाऱ्यांना प्रवासाचे कष्ट वेगळे होते. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या. १५ जूनला अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी त्या पुन्हा सुरू होईपर्यंत वसई-विरार, नालासोपारा, पालघरकडच्या कर्मचाऱ्यांचा आधार होता एसटीची बस. निर्मळ-सोपारा पट्ट्यातून आधी स्टॅंड गाठायचा, मग बसची वाट, मग दोन-अडीच तासांचा रस्ता. त्यानंतर किट. आणि परत तेच.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा कामाचे तास कमी करण्याचा प्रश्न त्यांनी धसास लावला. माणसाच्या शरीराला मर्यादा असते हे त्यामागचे साधे तत्त्व. ते तत्त्व नर्सलाही लागू आहे. "त्यांचे कामच आहे ते" असे म्हणताना हे विसरू नये.

शेवटच्या वेळी जवळ कोण होते?

आपल्याकडे माणूस जाताना घर जवळ असते. कुणी पाणी पाजते, कुणी हात धरते, कुणी त्रिशरण म्हणते. कोविडच्या आयसीयूत नातेवाईकांना प्रवेश नव्हता. त्या जागी नर्स उभी होती. तिने हातमोजातला हात रुग्णाच्या हातात दिला. व्हिडिओ कॉल लावून फोन रुग्णाच्या डोळ्यांसमोर धरला. पलीकडे घरातली सगळी माणसे रडत होती, आणि फोन धरणाऱ्या हाताला थरथरायची सोय नव्हती. मग देह पिशवीत बंद करायचा, चिठ्ठी लावायची, खाट पुसायची. अर्ध्या तासात त्या खाटेवर दुसरा रुग्ण यायचा.

मृत्यू पाहायची सवय नर्सना असते. एवढे मृत्यू, इतक्या लवकर, आणि आपण करायला हवे होते तेवढे करू शकलो नाही ही बोच, याची सवय कुणालाच नसते. एकाच वेळी दोन रुग्णांची घंटा वाजली तर आधी कुणाकडे धावायचे? जिच्याकडे गेले नाही तिचा चेहरा नंतर झोपू देत नाही. ही बोच नर्सच्या दुबळेपणातून येत नाही. माणसे कमी, खाटा कमी, ऑक्सिजन कमी, अशा व्यवस्थेची कमतरता तिने स्वतःच्या काळजावर घेतलेली असते.

आपल्याला विसरता न येणारी पहाट २३ एप्रिल २०२१ ची. विरार पश्चिमेच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या आयसीयूला पहाटे तीनच्या सुमारास आग लागली आणि १३ कोविड रुग्ण त्या पहाटेच गेले. आयसीयूतला रुग्ण उठून पळू शकत नाही. तो नळ्यांना, ऑक्सिजनला, यंत्राला जोडलेला असतो. धुरात एका माणसाने एका रुग्णाला बाहेर काढायचे तरी किती अवघड असते याचा विचार करा. अशा वेळी "नर्स काय करत होत्या?" हा प्रश्न आधी विचारला जातो. आग लागण्याआधीचे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत : विजेच्या जोडण्या कुणी तपासल्या? बाहेर पडायची दुसरी वाट होती का? रात्रपाळीला किती माणसे होती आणि आग लागली तर काय करायचे याचा सराव त्यांच्याकडून कधी करून घेतला होता का? रुग्णाला दाखल करताना आपणही हे विचारू शकतो. तो आपला हक्क आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १ लाख १५ हजार आरोग्य कर्मचारी कोविडने गेले. त्यांत नर्स होत्या, वॉर्डबॉय होते, मावशी होत्या, रुग्णवाहिकेचे चालक होते.

घराच्या दारात

रुग्णालयातून घरी आल्यावर काय झाले? अनेकींनी दाराबाहेरच कपडे बदलले, लहान मुलाला जवळ घेतले नाही, आठवडेच्या आठवडे वेगळ्या कोपऱ्यात झोपल्या. आपल्यामुळे घरच्या म्हाताऱ्या माणसाला आजार होईल ही भीती त्यांना रुग्णालयातल्या भीतीपेक्षा मोठी वाटत होती.

आणि शेजार? ठिकठिकाणच्या नर्सनी सांगितलेले अनुभव एकसारखे आहेत. नळावर तिची बादली आली की बाकीच्या बाजूला. सार्वजनिक संडासाला जाताना कुजबुज. तिच्या मुलांना खेळायला बंदी. दुकानदार पैसे हातात घेईना.

नळ, बादली, स्पर्श, वेगळी वाट. हे शब्द आपल्या समाजाला कुणी नव्याने समजावून सांगायला नकोत. आपल्या आज्या-पणज्यांनी पाण्यासाठी काय सोसले आणि महाडला १९२७ साली काय घडले हे आपण दरवर्षी सांगतो. म्हणून हा प्रश्न सर्वांत आधी आपल्याला टोचला पाहिजे.

इथे एक फरक नीट समजून घ्या. साथीत अंतर ठेवणे गरजेचे असते. कोविडचा विषाणू मुख्यतः श्वासातून, खोकण्या-बोलण्यातून पसरतो. त्यामुळे मास्क, उघडी खिडकी, हात धुणे आणि लक्षणे असतील तेवढे दिवस वेगळे राहणे हे शास्त्र आहे. ते सर्वांना सारखे लागू असते आणि ठरावीक दिवसांनी संपते. बहिष्काराला दिवसांची मर्यादा नसते. तो तपासणीचा अहवाल पाहत नाही, मुलांनाही लागू होतो आणि एकाच माणसाला लागू होतो. पहिले पाळायचे आहे. दुसरे आपल्या वस्तीत होऊ द्यायचे नाही.

सावित्रीमाईंचा प्लेग

आपल्याकडे याचे उदाहरण सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला आणि पुढे पुण्यात पसरला. लोक घरे सोडून पळत होते, आजारी माणसाला लपवत होते. सावित्रीबाई फुले तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांना त्यांनी बोलावून घेतले आणि पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू झाला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणले असे सांगितले जाते. त्यांनाही प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

हा प्रसंग आपण भाषणात ऐकतो आणि डोळे पुसतो. त्याचा आरोग्याचा धडा मात्र राहून जातो. माईंकडे मास्क नव्हता, हातमोजे नव्हते, प्लेगवरचे आजचे औषधही नव्हते. आज हे सगळे उपलब्ध असताना नर्सने माईंसारखा जीव द्यावा अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. माईंना मानायचे तर आजच्या सिस्टरला चांगला मास्क, वेळेवर पगार, पुरेशी विश्रांती आणि शेजाऱ्यांचा मान मिळाला पाहिजे. तिला देवी म्हटल्याने ते मिळत नाही. देवीला रजा लागत नाही, माणसाला लागते.

विनयातील दहा गोष्टी

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून कुणी त्याच्याकडे पाहिले नाही. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला समजावले की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली पाहिजे.

त्याच ठिकाणी सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता येणे. काय मानवते आणि काय मानवत नाही हे कळणे. लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावनेने सेवा करणे. मलमूत्र, थुंकी, उलटीची किळस न करणे. आणि वेळोवेळी रुग्णाला धीर देणे. नीट पाहिले तर पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत. सेवा हे शिकून करायचे काम आहे, हे तेव्हाच सांगितले गेले.

आपण सहसा विसरतो ते हे : तिथे आजारी माणसाचेही पाच गुण सांगितले आहेत. प्रकृतीला हिताचे ते करणे, प्रमाणात राहणे, औषध घेणे, त्रास जसा आहे तसा सांगणे, आणि वेदना धीराने सोसणे. म्हणजे सेवेची जबाबदारी दोन्ही बाजूंना आहे. घरच्या माणसांनी हे पाच गुण स्वतःलाही लावून पाहावेत.

आपण काय करायचे?

*आपल्या चाळीत नर्स, वॉर्डबॉय किंवा आया राहत असतील तर :*

- साथीच्या काळात त्यांच्या घरी पाणी भरून ठेवणे, रेशन आणणे, मुलांचा अभ्यास घेणे ही कामे वाटून घ्या. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दुपारी झोप मिळावी म्हणून स्पीकर बंद ठेवा.
- कुणी त्रास देत असेल तर वस्तीतल्या मंडळाने आणि विहाराच्या समितीने त्याच दिवशी मध्ये पडावे. नर्सने एकटीने भांडावे अशी वेळ येऊ देऊ नका.
- घरी आल्यावर तिने हातपाय धुऊन कपडे बदलण्यासाठी आडोसा आणि पाणी मिळेल अशी व्यवस्था करा.

*आपला माणूस आयसीयूत असेल तर :*

- घरातल्या एकाच माणसाने रुग्णालयाशी बोलावे आणि बाकीच्यांना कळवावे. दहा जणांनी दहा वेळा फोन केला तर नर्सचा वेळ रुग्णाकडून निघून जातो.
- रुग्णाला आधीपासून चालू असलेली औषधे, मधुमेह, रक्तदाब, कोणत्या औषधाची ॲलर्जी, दारू-तंबाखूची सवय हे खरे सांगा, कागदावर लिहून द्या. दारू लपवली तर उपचार चुकू शकतो.
- चष्मा, कानाचे यंत्र, दातांची कवळी नाव लिहून द्या. डोळे-कान मिळाले की घाबरलेला रुग्ण शांत होतो.
- प्रश्न लिहून ठेवा : आज ऑक्सिजन किती लागतो? काल होता त्यापेक्षा बरे की वाईट? पुढे काय करणार?
- तक्रार असेल तर लेखी द्या, पोच घ्या. मारहाण करू नका. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने डॉक्टर-नर्सवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आणि मार खाल्लेली नर्स दुसऱ्या रुग्णाच्या खाटेशी उभी राहू शकत नाही.

*घरातली नर्स मनाने थकली असेल तर :*

साथ संपली तरी मनातली साथ लगेच संपत नाही. झोप न लागणे, यंत्राच्या घंटेसारखा आवाज आला की दचकणे, विनाकारण चिडणे, रडू येणे, कामावर जायच्या विचाराने पोटात गोळा येणे, हे दोन आठवड्यांहून जास्त राहिले तर मदत घ्यावी. "तुला काय झालंय, तू तर सिस्टर आहेस," असे म्हणू नका. जवळ बसा, ऐका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे बोलणे कुणी काढले तर त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

*घरी सौम्य आजारी माणूस असेल तर :*

खिडकी उघडी ठेवा, आजारी माणूस आणि सेवा करणारा दोघांनीही मास्क लावा, सेवा शक्यतो एकानेच करावी. ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली जाऊ लागला किंवा बोलताना धाप लागली तर थांबू नका, १०८ ला फोन करा. वेळेवर आणलेला रुग्ण वाचण्याची शक्यता जास्त असते आणि आयसीयूतली एक खाटही मोकळी राहते.

शेवटी

आपल्या शेजारच्या सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचे आणि औषधी वनस्पती लावल्याचे सांगितले आहे. नवव्या शिलालेखात आजारपणात लोक करतात त्या मंगलविधींना फारसे फळ नाही, नोकर-सेवकांशी नीट वागणे हे खरे मंगल, असा उपदेश आहे. आयसीयूच्या दाराआड रात्रभर उभ्या असलेल्या माणसांना तो आजही लागू पडतो.

पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही. ती येण्याआधी आपल्या वस्तीत किती नर्स, आया, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार राहतात याची यादी विहारात करून ठेवावी, असे आम्ही सुचवतो. दहावी-बारावीच्या मुलींना आणि मुलांनाही या कामाची माहिती द्यावी. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा असतो. हे मान असलेले, शिक्षणाचे काम आहे.

विहारात चर्चेसाठी प्रश्न

१. कोविडच्या काळात आपल्या गल्लीत आरोग्य कर्मचाऱ्याशी कसे वागले गेले? नावे न घेता सांगा.

२. आजारासाठी अंतर ठेवणे आणि माणसावर बहिष्कार टाकणे यातला फरक लहान मुलाला कसा समजावाल?

३. आजारी माणसाच्या पाच गुणांपैकी कोणता आपल्या घरात सर्वांत कमी पाळला जातो?

४. उद्या साथ आली तर वस्तीतल्या नर्सच्या घरी पाणी कोण भरेल? आजच नाव ठरवा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.